म्हाताराही नाही, आस्तिकही नाही

परवा एका मित्राकडे आम्ही सहा-सातजण यानाचेक या चेक कंपोजरचा ग्लागोलिटिक मास, म्हणजे जुन्या स्लाव्ह भाषेतल्या चर्चच्या प्रार्थनेला लावलेलं संगीत, ऐकायला बसलो होतो. ऐकणं चाळीस मिनिटांत संपलं आणि त्यावरचं भांडण रात्री साडेअकरापर्यंत चाललं, शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या तेव्हा थांबलं. भांडण अगदी ठरलेलं. एक पार्टी म्हणाली, बघा, आयुष्यभर चर्चला नावं ठेवली आणि बहात्तराव्या वर्षी आठवला ना देव, सगळ्यांचं शेवटी हेच होतं. दुसरी पार्टी म्हणाली, काही आठवला वगैरे नाही, तो पक्का नास्तिक होता, त्याने स्वतः लिहून ठेवलंय, धर्माचे शब्द हे नुसतं निमित्त, खरा विषय देश. मी बराच वेळ गप्प होतो कारण मला दोन्हीकडचे पुरावे पाठ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. गडबड दोघांनी न बोलता मान्य केलेल्या गोष्टीत आहे. ती अशी, की एखाद्याने प्रार्थनेला चाल लावली म्हणजे त्याने स्वतःच्या श्रद्धेचं अ‍ॅफिडेव्हिट करून दिलं, आता आपण बसून ते खरं का खोटं तेवढं तपासायचं. माझं म्हणणं, ते अ‍ॅफिडेव्हिट नाहीच. यानाचेक या मासमध्ये स्वतःच्या श्रद्धेबद्दल काही सांगत नाहीये, तो दुसऱ्यांची श्रद्धा ऐकतोय. आयुष्यभर त्याने तेच काम केलं होतं, दुसरा माणूस बोलताना ऐकायचं, त्याचाच हा शेवटचा आणि मोठा नमुना.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेओश यानाचेक, जन्म 1854, मोराविया, म्हणजे आजच्या चेक देशाचा पूर्वेकडचा भाग. बाप शाळामास्तर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. अकराव्या वर्षी पोराला ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात पाठवलं, तिथे गाणाऱ्या पोरांना फिकट निळा युनिफॉर्म असायचा. या मठाचा प्रमुख 1868 पासून कोण, तर वाटाण्याच्या झाडांवाला ग्रेगर मेंडेल, आणि 1884 मध्ये मेंडेल गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचं संगीत यानाचेकनेच कंडक्ट केलं. मी कामानिमित्त दोन वर्षं ब्रनोत होतो, एक नंबरच्या ट्रामने मेंडेल चौकात उतरलं की एका बाजूला तो मठ, लाल विटांचं जुनं गॉथिक चर्च आणि समोर बिअरची फॅक्टरी, त्यामुळे कधीकधी चर्चच्या दारात उभं राहिलं तरी माल्टचा वास येतो. तर हा माणूस चर्चमध्ये वाढला, पुढे ब्रनोत ऑर्गन स्कूल काढलं, म्हणजे चर्चला वादक पुरवणारी शाळाच. आणि हाच माणूस पुढे सांगायचा की पाऊस आला तरी मी चर्चमध्ये शिरणार नाही, चर्च म्हणजे साठवून ठेवलेलं मरण, फरशीखाली थडगी, वेदीत हाडं, भिंतींवर छळाची चित्रं.

आता आस्तिक पार्टीचे मुद्दे घेऊ, कारण ते हलके नाहीत. पहिला, कुणी कपाळाला बंदूक लावली नव्हती. बहात्तराव्या वर्षी, ऑपेरांमुळे नाव झालेलं असताना, हातात हवे तेवढे विषय असताना माणूस मासच का निवडतो? मास म्हणजे आपल्या वसईकडे मिस्सा म्हणतात ती, त्यातला ठरलेला मजकूर, दयेची याचना, स्तुती, 'मी विश्वास ठेवतो' हा कबुलीजबाब. दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. तो कबुलीजबाब त्याने कसा लावलाय ते ऐका. जुन्या स्लाव्ह भाषेत 'व्येरुयू' म्हणजे मी विश्वास ठेवतो. मजकुरात हा शब्द सुरुवातीला एकदाच येतो आणि पुढची सगळी कलमं त्याच्याच जोरावर चालतात. यानाचेक तो परतपरत आणतो, कोरस हळू आवाजात व्येरुयू, व्येरुयू म्हणतो, मग काही कलमं होतात, की पुन्हा तेच. ज्याचा विश्वास नाही तो हा शब्द इतक्या वेळा कशाला काढेल? हा प्रश्न मला अनेक वर्षं छळत होता, खरंच. (बेथोव्हेननेही आपल्या मोठ्या मासमध्ये क्रेडो, म्हणजे लॅटिनमधलं व्येरुयू, हा शब्द असाच घोळवलाय, त्यामुळे नुसती पुनरावृत्ती ही यानाचेकची आयडिया नाही. पण बेथोव्हेनचा क्रेडो मूठ आपटून येतो आणि यानाचेकचा व्येरुयू घशातून जेमतेम बाहेर पडतो, फरक तिथे आहे.)

नास्तिक पार्टीचा हुकमाचा एक्का म्हणजे ते पोस्टकार्ड. मासचा पहिला प्रयोग 5 डिसेंबर 1927 ला ब्रनोत झाला, चर्चमध्ये नव्हे, कॉन्सर्ट म्हणून. त्यानंतर लुडविक कुंदेराने, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या कादंबरीकार मिलान कुंदेराच्या वडिलांनी, समीक्षेत कौतुकाच्या भरात लिहिलं की हा म्हातारा आता श्रद्धावान झालाय. यानाचेकने उलट टपाली कळवलं, म्हातारा नाही, आस्तिकही नाही, पोरा! झालं, कंपोजरनेच सांगितलं, आता वाद कसला?

पण जरा थांबा, ते पोस्टकार्ड नीट वाचा. पहिला नकार कशाला आहे? म्हातारा या शब्दाला. यानाचेक तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि कामिला श्टॉसलोवा नावाच्या, त्याच्याहून सदतीस वर्षांनी लहान, लग्न झालेल्या बाईच्या प्रेमात आकंठ बुडालेला होता, तिला शेकड्यांनी पत्रं लिहीत होता. एका पत्रात तर तो या मासबद्दलच लिहितो की माझ्या या चर्चमध्ये दोघं चालत जातायत, त्यांचं लग्न लागतंय, आणि ती दोघं म्हणजे तू आणि मी. आणि गंमत म्हणजे कामिला जन्मली 1891 ला आणि कुंदेराही 1891 चाच. म्हणजे ज्या वयाची बाई आपल्याला तरुण ठेवते असं या गृहस्थाला वाटत होतं, नेमक्या त्या वयाचा एक माणूस जाहीरपणे त्याला पिकलं पान म्हणत होता. अशा वेळी चिडून लिहिलेल्या चार शब्दांवर धर्मशास्त्राचा इमला उभा करायचा? कुणाला त्याच्या टक्कलावरून बोललात आणि तो मी टकलाही नाही आणि काँग्रेसवालाही नाही म्हणाला, तर त्यातून त्याचं राजकारण कितपत कळतं? मी असं म्हणत नाहीये की यानाचेक लपून आस्तिक होता. तो नव्हता, त्याच्या त्या नकारावर माझा पूर्ण विश्वास आहे. मी एवढंच म्हणतोय की त्या नकाराने मासबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तो आस्तिक नव्हता, बरं, मग? मास तर समोर आहे ना, तो खोटा वाटत नाही ना?

आता 'म्हातारपणी देव आठवला' या थिअरीचं बघू, हिला तर कागदपत्रंच आडवी येतात. या मासमधला बराच माल 1926 चा नाहीच. साधारण 1908 मध्ये यानाचेक ऑर्गन स्कूलच्या वर्गात पोरांना मास कसा रचायचा ते शिकवत होता आणि नमुना म्हणून एक लॅटिन मास त्यांना डिक्टेट करत होता. तो अर्धवट राहिला. कुठे राहिला, तर क्रेडोमध्ये, 'मी विश्वास ठेवतो' या भागाच्या अध्येमध्ये कुठेतरी. अठरा वर्षांनी त्याने तेच जुनं सामान काढलं, झटकलं आणि त्यावर ग्लागोलिटिक मासची उभारणी केली. म्हणजे ज्या स्वरांमध्ये लोकांना मरणाच्या दारातली भक्ती ऐकू येते त्यातले काही स्वर फळ्यासमोर उभं राहून, पोरांनो लिहून घ्या, अशा आवाजात जन्माला आलेत. याने मास छोटा होतो असं नाही. पण संगीत ऐकून मनाचा एक्सरे काढणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

आणि ही पंचाईत एकट्या यानाचेकची कुठे आहे? इटालियन ऑपेरावाल्या व्हर्दीची बायको, ज्युझेप्पिना, पत्रात लिहून गेली की आमचे हे अगदी नास्तिक नसतील, पण आस्तिक फार थोडे. त्याच व्हर्दीने रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचा मास, लिहिलं आणि ऐंशी उलटल्यावर पवित्र गीतं लिहिली. ब्राम्सबद्दल ड्वोरझाकने, तो स्वतः भाबडा म्हणावा इतका भाविक, हळहळून म्हटलं होतं की एवढा मोठा माणूस, एवढा मोठा आत्मा, आणि याचा कशावरच विश्वास नाही. त्या ब्राम्सच्या जर्मन रेक्विएममध्ये ख्रिस्ताचं नावच नाही म्हणून 1868 ला ब्रेमेनच्या कथीड्रलमधले लोक अस्वस्थ झाले आणि त्यांनी त्या कार्यक्रमात हँडेलच्या मसाया या ख्रिस्तावरच्या रचनेतलं एक गाणं घुसवून भरपाई केली. उलट्या टोकाला बाख. तो कट्टर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, तरी आयुष्याच्या शेवटी पूर्ण कॅथलिक मास लिहून काढला, 'एक, पवित्र, कॅथलिक चर्च' या ओळीसकट. आणि शूबर्ट कॅथलिक, पण त्याने आपल्या सगळ्या लॅटिन मासमधून नेमकी तीच ओळ गाळली. आता लावा अ‍ॅफिडेव्हिटचा नियम! लुथरन माणूस कॅथलिक ठरतो आणि कॅथलिक माणूस पाखंडी ठरतो. जो नियम लावल्यावर असं काहीतरी बाहेर पडतं तो नियम टाकून दिलेला बरा.

मुळात 'मी विश्वास ठेवतो' मधला हा मी कोण? हा मजकूर कुणा एका भक्ताने डोळे मिटून लिहिलेला नाही. 325 मध्ये निकाया इथे बिशप लोकांची परिषद भरली, भरपूर भांडणं झाली, आणि एक मसुदा पास झाला, जवळपास कमिटीचा ठरावच. तो पुढे वाढला, बदलला. आणि त्या मूळ ग्रीक मसुद्यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे, आम्ही विश्वास ठेवतो. प्रार्थनेत म्हणताना त्याचा मी झाला. म्हणजे तो मी एक रिकामा सदरा आहे, जो म्हणेल त्याने घालायचा. आपल्याला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, युनियनवाले, घरात देव्हारा नाही, आईने आग्रह धरला तेव्हा एक फोटो लागला तेवढाच. पण गुरुवारी रात्री भजनी मंडळात पखवाज हाच माणूस वाजवायचा, बोटांना कणीक लागलेली असायची कारण वाजवायच्या आधी डाव्या बाजूला ती ओली कणीक तेच चढवायचे आणि नंतर खरवडून काढायचेही तेच. गळाही चांगला होता. 'तुका म्हणे' ला आले की डोळे मिटायचे. आता तुका म्हणे असं म्हणणारा माणूस तुका आहे का? नाही. खोटं बोलतोय का? तेही नाही. मी एकदा कॉलेजच्या मस्तीत विचारलं होतं, बाबा, तुम्ही मानत नाही तर गाता कसं, तर म्हणाले, तुला ताल धरता येतो का? नाही ना? मग बस खाली. तेव्हा मला वाटलं उत्तर टाळलं. आता वाटतं की तो प्रश्नच लांब उभ्या असलेल्या माणसाचा होता.

याच्यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो त्या रात्री एका मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, गाणाऱ्याचं ठीक, तो परंपरेतला एक आवाज. पण कंपोजर वेगळा, तो निवडतो, ठरवतो, सही करतो. आणि तुझ्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण देऊ नकोस प्लीज, मुसलमान असून गोपाला मेरी करुणा किती आर्त गायले वगैरे, कारण खाँसाहेब श्रद्धाळूच होते, दर्ग्यात सेवा करणारे, तिथेच पुरलेले. देवाचं नाव बदललं, देव नाही बदलला. मी तेच उदाहरण देणार होतो. तिचं म्हणणं मान्य. श्रद्धाळू माणूस दुसऱ्याच्या देवाला गातो आणि श्रद्धा नसलेला माणूस कुठल्यातरी देवाला गातो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी समजावून द्यायची तर परंपरा, गळा, ताल एवढ्याने भागत नाही.

म्हणूनच मला यानाचेकच्या वह्या महत्त्वाच्या वाटतात. जवळपास तीस वर्षं हा माणूस खिशात वही ठेवून फिरायचा आणि लोक बोलताना त्या बोलण्याचे सूर टिपायचा. बाजारातली भाजीवाली काय बोलली यापेक्षा ती कुठे चढली, कुठे उतरली, कुठे अडखळली. पोरं, गडीमाणसं, स्टेशनवरचे लोक, कुत्री, पक्षी, सगळं पाच रेघांवर. 1903 मध्ये त्याची वीस वर्षांची मुलगी ओल्गा टायफॉइडनंतर मरत होती तेव्हाही त्याने तिचे उसासे आणि बोल टिपून ठेवले. हे वाचून काहींना तो निर्दयी वाटतो, मलाही पहिल्यांदा कसंतरी झालं होतं. पण विचार करा, ज्या माणसाला दुसऱ्याच्या आत काय चाललंय हे कळायचा एकच रस्ता माहीत आहे, त्याच्या आवाजाचा, तो दुसरं काय करणार? त्याच्या ऑपेरा यातूनच आल्या. तिथे खुनी बोलतो, सावत्र आई बोलते, कोल्हीण बोलते, आणि कुणीही विचारत नाही की यानाचेक, तुम्ही कोल्हीण आहात का?

हाच कान घेऊन तो मासकडे गेला असं मानलं की ते व्येरुयू मला तरी उलगडतं. तो विश्वासाची घोषणा करत नाहीये. तो हे ऐकतोय की माणसं 'माझा विश्वास आहे' असं म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात कशी म्हणतात. आणि माणसं ते ठणकावून म्हणत नाहीत, हळू म्हणतात, स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणतात, थोडं पुढे गेल्यावर धीर सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली माणसं जशी होईल ना ठीक, होईल, होईल करतात तसं. श्रद्धावान कंपोजरला हे सुचलं नसतं असं नाही, पण त्याला पुढची कलमं खरी ठरवायची घाई असते. यानाचेकला ती घाई नाही, म्हणून तो त्या एका शब्दापाशी थांबू शकतो. तो ज्या अंतरावर उभा आहे ते अंतरच इथे कामाला आलंय. त्याने स्वतःही मासबद्दल लिहिताना पात्रं मोजल्यासारखीच मोजली आहेत, टेनरच्या आवाजात मला पुजारी ऐकू येतो, सोप्रानोत देवदूतासारखी मुलगी, कोरसमध्ये आपले लोक.

राहिला देशवाला मुद्दा. हाही अर्धा खराच. त्याने मुलाखतीत सांगितलं होतं की मला राष्ट्राच्या ठाम असण्यावरची श्रद्धा दाखवायची होती, धार्मिक पायावर नव्हे तर नैतिक बळाच्या पायावर, देवाला साक्षी ठेवून. भाषेची निवडही तेच सांगते. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मोरावियात आले आणि देवाशी स्लाव्ह लोकांच्या भाषेत बोलायची सोय करून दिली. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन सोडून चौथ्या भाषेत देवाची स्तुती कशी चालेल म्हणून त्यांना भांडावं लागलं, अगदी आपल्या एकनाथांना संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांनी केली का असं विचारावं लागलं तसंच. (वसईच्या लोकांना मिस्सा मराठीत ऐकायला विसाव्या शतकातल्या साठच्या दशकापर्यंत थांबावं लागलं, यावरून अंदाज करा.) यानाचेक पंधरा वर्षांचा असताना, 1869 मध्ये, सिरिलच्या हजाराव्या पुण्यतिथीला वेलेह्रादच्या सोहळ्यात मठाच्या पोरांबरोबर गायलाही होता. सगळं मान्य. पण नुसता देशच म्हणायचा होता तर ते काम त्याने त्याच वर्षी उरकलं होतं की! 1926 चीच सिन्फोनिएटा ही ऑर्केस्ट्राची रचना, सोकोल या व्यायाम संघटनेच्या मेळाव्यासाठी लिहिलेली, ढीगभर ट्रम्पेट, सैन्याला अर्पण. तिच्यानंतर लगेच, ऑगस्टमध्ये, तो मास घेऊन बसतो, म्हणजे काहीतरी उरलं होतं जे ट्रम्पेटमध्ये मावत नव्हतं. झेंड्याला दयेची याचना करून कुणी 'गोस्पोदी पोमिलुय' म्हणत नाही.

मग मासच का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर? एक साधं उत्तर उपलब्ध आहे आणि ते कुणालाच आवडत नाही कारण त्यात अध्यात्म नाही. 1921 च्या उन्हाळ्यात गावी, हुकवाल्डीला, पुढे आर्चबिशप झालेल्या लेओपोल्ड प्रेचानशी गप्पा मारताना यानाचेक चर्चमधल्या संगीताच्या दर्जाबद्दल कुरकुरला, आणि ते म्हणाले, मग तुम्हीच लिहा की काहीतरी चांगलं. हे डोक्यात राहिलं. पाच वर्षांनी लुहाचोवित्सेला, तिथल्या झऱ्यांचं पाणी प्यायला लोक जातात त्या गावी, हा सुट्टीवर असताना पाऊस लागला. दिवसेंदिवस पाऊस, खिडकीतून बघावं तर काळा डोंगर आणि ढग. त्याने नंतर लिहिलंय की त्या जंगलाचा ओला वास म्हणजे धूप, झाडं आणि आभाळ म्हणजे कथीड्रल, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा म्हणजे घंटा. पाऊस आला तरी चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हणणाऱ्या माणसाने पावसात अडकल्यावर खोलीत बसून स्वतःचं चर्च बांधलं, आणि बांधून झाल्यावर त्यात गर्दी आणली ती दुसऱ्यांची.

हे सगळं मी त्या रात्री एवढं सुसंगत बोललो नाही, अर्धं आज सुचतंय. तेव्हा मी फक्त रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, शेवटाकडून. 'आग्नेचे बोझिय', देवाचं कोकरू, हा भाग संपतो, मजकूर तिथे खलास, कोरसला आता काही काम नाही. आणि मग एकटा ऑर्गन सुटतो. तीनेक मिनिटं, नुसता पिसाळलेला, पायाखालच्या पट्ट्यांवर तीच ती धून गरगरत राहते आणि वर हात धावतात, प्रार्थनेनंतर लोक शांतपणे घरी जातात त्याच्याशी काही संबंध नाही. त्यात ना व्येरुयू आहे ना नकार आहे, कुणाचा मी नाहीच. मी दोन्ही पार्ट्यांना विचारलं, हे कुणाच्या खात्यात टाकायचं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला की हा ऑर्गनवाला फार पळवतोय, मागच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा सूर नीट ऐकू येत होता, दुसरा म्हणाला नाही, एवढंच स्पीड पाहिजे, आणि त्यावर नवीन भांडण सुरू झालं. काकू वर आल्या त्या तेव्हा.